कानात गाणे, पायात बळ

मंडळी, गेल्या वर्षीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टमधल्या एका आकड्याभोवती पेनने गोल काढला. ए-वन-सी ६.१. "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा, रोज अर्धा तास पळा," ते म्हणाले. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मी. माझे पळणे आजवर सकाळची ट्रेन पकडण्यापुरतेच होते.

पहिले दोन आठवडे धापेपेक्षा कंटाळ्याने जास्त छळले. मग गाणी ऐकत पळायचे ठरवले. हा केवळ मनाचा खेळ नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले क्रीडा-मानसशास्त्रज्ञ कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. मध्यम वेगाने पळताना संगीतामुळे दमल्याची जाणीव कमी होते. अगदी जीव तोडून पळताना मात्र शरीराचा आरडाओरडाच मोठा ठरतो, गाणे तिथे फारसे उपयोगी पडत नाही. आपण नवशिके मध्यम वेगाचेच, म्हणजे फायदा आपलाच.

इंजिनिअरच्या सवयीने मी तक्ता मांडला : किंमत, वजन, बॅटरी, मेमरी. सगळे रकाने भरले आणि खिशातला फोन व कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे इयरफोन अशी जोडी पक्की केली. 'बाहेरचे ऐकू येते का' हा रकाना मी तक्त्यात घातलाच नव्हता.

आमच्या घराजवळ, न्यू जर्सीत, डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या काठाने पळण्यासाठी सुंदर वाट आहे. तिथे सायकलीही चालतात. मागून येणारा सायकलवाला "ऑन युअर लेफ्ट" असे ओरडतो आणि आपण उजवीकडे राहायचे, असा शिरस्ता. एका शनिवारी मी गाण्याच्या तंद्रीत एकदम डावीकडे सरकलो. मागून येणाऱ्या साठीच्या बाईंनी मला वाचवायला सायकल वळवली आणि त्या पडल्या. त्यांनी तीन वेळा हाक मारली होती. मला एकदाही ऐकू आली नाही. त्यांचे मनगट सुजले होते. त्यांचे यजमान येईपर्यंत मी शेजारी बसून राहिलो. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर तक्ता नव्याने मांडला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांसाठी देत आहे.

१. वाजवायचे यंत्र. सोनीचा वॉकमन १९७९ साली आला, तेव्हा पर्याय एकच होता. आता तीन आहेत. पहिला, आपला फोन. वेगळा खर्च नाही आणि अडीअडचणीला घरी कळवता येते. पण खिशात तो हिंदकळत राहतो, म्हणून कमरेचा पट्टा घ्यावा. दुसरा, शर्टाला चिमटा लावून अडकवायचा छोटा एमपीथ्री प्लेअर. अ‍ॅपलने २०२२ साली आयपॉड बंद केला, तरी इतर कंपन्यांचे असे प्लेअर अजून मिळतात. मी ३५ डॉलरला घेतला. न बघता बोटाने बटण सापडते, हा त्याचा मोठा गुण. मेमरीच्या आकड्यांना भुलू नका. साधारण दर्जाच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला एक मेगाबाइट लागतो, म्हणजे ८ गिगाबाइटमध्ये सुमारे १३० तासांची गाणी मावतात. तिसरा पर्याय, गाणी साठवणारे घड्याळ. आधीच असेल तर उत्तम, केवळ गाण्यांसाठी घेणे महागात पडते.

२. इयरफोन. रस्त्यावर किंवा सामाईक वाटेवर पळणाऱ्याने कान मोकळा ठेवणारेच घ्यावेत. काही प्रकार कानासमोरच्या हाडावर टेकतात आणि कंपनाने आवाज आत पोचवतात. घामाचा विचार करून खोक्यावर निदान 'आयपीएक्स ४' लिहिलेले पाहावे. म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी त्याला चालते.

३. आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला उरतात आठवड्याचे जेमतेम चार तास! कान मोकळा ठेवणाऱ्या इयरफोनचा एक धोका आहे. गर्दीच्या रस्त्यावर गाणे ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवत जातो. हाडावरून गेला तरी आवाज शेवटी त्याच अंतर्कर्णात पोचतो. तेव्हा आवाज न वाढवता शांत वाट शोधावी. फोनच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादाही घालता येते.

४. खर्च. महिन्याला ११ डॉलरची गाण्यांची वर्गणी किरकोळ वाटते. वर्षाला ती १३२ आणि पाच वर्षांत ६६० डॉलर होते. घरातले सगळे ऐकत असतील तर हरकत नाही. पण वर्गणीतली गाणी त्या कंपनीच्या अ‍ॅपपुरतीच असतात, साध्या प्लेअरमध्ये भरता येत नाहीत. हे न बघता प्लेअर घेतलात तर तो ड्रॉवरमध्येच पडून राहील. माझा प्लेअर आणि ८० डॉलरचे इयरफोन मिळून ११५ डॉलर झाले. गाणी घरचीच, बाबांच्या जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेली.

कोणती गाणी घ्यावीत? लेझीम आणि कोळीगीते पळायला छान. विलंबित ख्याल पळून झाल्यावर, अंगणात पाय ताणताना ऐकावा. भलत्या वेळी लावलात तर पाय त्याच्याच लयीत पडू लागतील!

कॅसेट उतरवताना बाबा पुण्याहून इथे आले होते. त्यांनी तीस वर्षे कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली. तेव्हा कानाला बोळे लावायची पद्धत नव्हती. आता दोन्ही कानांना यंत्रे आहेत, तरी नातीचे फोनवरचे बोलणे त्यांना अर्धेच कळते. माझ्या कानातला इयरफोन बघून म्हणाले, "अरे, मला पोटासाठी कान घालवावा लागला. तू हौसेने घालवू नकोस." अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे मी नंतर वाचले. बाबांना ते वाचायची गरज नव्हती.

या वर्षीच्या तपासणीत आकडा ५.८ आला. उंबरठा अजून ओलांडून मागे आलेलो नाही, पण तोंड योग्य दिशेला वळले आहे. कालव्याकाठी आता मागून "ऑन युअर लेफ्ट" ऐकू येते. मी उजवीकडे सरकतो आणि हात वर करतो.

तेव्हा मंडळी, बूट काढा, गाणी भरा आणि बाहेर पडा. फक्त प्लेअर घेताना एक रकाना माझ्यासारखा विसरू नका.