पंधरा सेकंदांचा निवाडा

एखादे रसायन पाण्यात विषारी आहे काय, हा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु कोणाला विषारी, किती मात्रेत, किती काळ सान्निध्य घडल्यावर, आणि विषारी म्हणजे नेमके काय झाल्यावर, हे चार मुद्दे मुक्रर केल्यावाचून त्याला उत्तरच संभवत नाही. जगातील रसायनांच्या कारभारात या चारही मुद्द्यांना गेली कित्येक दशके एक ठरावीक उत्तर दिले जाते. डॅफ्निया मॅग्ना नावाच्या गोड्या पाण्यातील इवल्याशा जीवाला रसायनाच्या निदान पाच चढत्या संहतींत ४८ तास ठेवायचे, आणि त्यांतील निम्म्या जीवांना निश्चल करणारी संहती कोणती ते हिशेबाने काढायचे. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिच्या दप्तरी ही चाचणी २०२ क्रमांकाने नोंदलेली आहे. तिचा पहिला मसुदा १९८१ सालचा, आणि आज अमलात असलेले रूप २००४ सालचे.

डॅफ्निया हा कोळंबीच्या आणि खेकड्याच्या दूरच्या गोतावळ्यातला प्राणी. मादीची लांबी फार झाली तर ५ मिलिमीटर. अंगावर कवच, आणि तेही इतके पारदर्शक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आतले हृदय धडधडताना, आतड्यातील हिरवे शैवाल पुढे सरकताना आणि पाठीकडील कोशात अंडी वाढताना एकाच दृष्टिक्षेपात दिसावीत. डोक्याशी असलेल्या शृंगिकांच्या दुसऱ्या जोडीने पाणी मागे लोटीत तो उड्या घेत पोहतो, आणि यान स्वामरडॅम या डच निसर्गज्ञाने १६६९ साली त्याचे वर्णन करताना त्याला पिसवांच्या पंगतीत बसविले ते बहुधा या उड्यांमुळेच. मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८४ साली याच देहात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंवर शरीरातील पेशी तुटून पडताना पाहिल्या. रोगप्रतिकारावरील ज्या कार्याबद्दल त्यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच्या पायाभरणीत या जीवाचा वाटा आहे, ही गोष्ट विषपरीक्षेच्या गडबडीत विसरली जाते म्हणून येथे नमूद केली.

परीक्षकाला मात्र त्याचा दुसराच गुण भावतो. अन्नपाणी मुबलक आणि गर्दी बेताची असेतोवर डॅफ्नियाची मादी नराच्या साहाय्यावाचून प्रजा निर्माण करते, आणि ती सारी प्रजा मादीच, तीही आईच्या गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल असलेली. वीस अंश तापमानात जन्मानंतर आठ-दहा दिवसांनी पहिले वेत, आणि पुढे साधारण तीन-तीन दिवसांनी नवे वेत, असा क्रम चालतो. शेकडो जीव हवेत, ते सारखे हवेत आणि नेमक्या दिवशी हवेत, ही प्रयोगशाळेची मागणी दुसरा कोणताही प्राणी इतक्या स्वस्तात पुरवीत नाही. उलट संवर्धनपात्रात नर दिसू लागले, किंवा मादीच्या पाठीवर टिकाऊ अंड्यांची काळसर पेटी दिसू लागली, तर ती संकटाची वर्दी समजावी. असे पात्र चाचणीसाठी बाद. स्वीडनमध्ये आइनार नाउमान यांनी १९३० च्या दशकात या प्राण्याचा परीक्षेसाठी वापर केला, आणि १९४४ साली अमेरिकेत बर्टिल अँडरसन यांनी औद्योगिक सांडपाण्यातील अनेक द्रव्यांच्या विषारीपणाच्या मर्यादा त्याच्यावर मोजून प्रसिद्ध केल्या. आजची पद्धत ही त्याच परंपरेची कायद्याच्या भाषेत बांधलेली आवृत्ती होय.

चाचणीला लागणारी पिल्ले २४ तासांहून कमी वयाची असावी लागतात, आणि ती आईच्या पहिल्या वेताची चालत नाहीत. प्रत्येक संहतीसाठी निदान २० पिल्ले, शक्यतो पाच-पाचांच्या चार तुकड्यांत. प्रत्येक पिल्लामागे निदान २ मिलिलिटर द्रावण. एका संहतीपेक्षा पुढची शक्यतो २.२ पटींहून मोठी नसावी. आणि या सर्वांच्या शेजारी रसायनाचा थेंबही नसलेली तुलनापात्रे. तापमान १८ ते २२ अंशांच्या दरम्यान, पण एकदा जे ठरले त्यापासून एका अंशाहून अधिक ढळता कामा नये. दोन दिवस पिल्लांना खाऊ घालायचे नाही, पाण्यात हवा सोडायची नाही. मोहरीहूनही लहान असलेले हे पिल्लू एका पात्रातून दुसऱ्यात नेताना काचनळीचे टोक पाण्याच्या पृष्ठाखाली बुडवून मगच ते हलकेच सोडावे लागते. वरून टपकावले तर कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पिल्लू पृष्ठावर तरंगत राहते, आणि विषाने न झालेली निश्चलता विषाच्या खाती जमा होते.

आता मूळ मामला. २४ तासांनी एकदा आणि ४८ तासांनी पुन्हा प्रत्येक पात्र हलकेच ढवळायचे, आणि त्यानंतर १५ सेकंदांच्या आत जे पिल्लू पोहू शकले नाही ते निश्चल म्हणून नोंदवहीत लिहायचे. त्याच्या शृंगिका थरथरत असल्या तरी निवाडा बदलत नाही. मृत्यू हाच निकष का घेतला नाही, असे कोणी विचारील. पण एवढ्याशा देहाचा प्राण नेमका केव्हा गेला हे ठरविणे दुर्घट, कारण तळाशी निपचित पडलेल्या डॅफ्नियाचे हृदय भिंगाखाली बराच काळ धडकताना आढळू शकते, आणि मग दोन परीक्षकांची दोन मते होतात. शिवाय तळ्यात पोहण्याची शक्ती गमावलेला जीव माशापासून निसटू शकत नाही, म्हणजे निसर्गाच्या दरबारी त्याचा निकाल लागल्यातच जमा. पंधरा सेकंदच का, दहा किंवा वीस का नव्हेत, याला कोणतेही गहन कारण शोधू नये. तो एक करार आहे, आणि पुण्याच्या आणि ओसाकाच्या परीक्षकाने तो सारखाच पाळला तरच त्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते.

कराराला पहाराही लागतो. तुलनापात्रांतील दहा टक्क्यांहून अधिक पिल्ले निश्चल झाली, किंवा अखेरीस पाण्यातील प्राणवायू दर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर सारी चाचणी रद्द. प्रयोगशाळेचे जीव ठाकठीक आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी रंगाच्या क्षारावर अधूनमधून तीच परीक्षा घेतात. निम्मी पिल्ले २४ तासांत निश्चल करणारी त्याची संहती दर लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात यावी असा शिरस्ता आहे, आणि ती तशी आली नाही तर दोष क्षाराचा नव्हे, संवर्धनाचा किंवा हाताचा. याहून अवघड बाब अशी की पात्रात घातलेले रसायन पात्रात राहतेच असे नाही. कोणी उडून जाते, कोणी काचेला चिकटते, कोणी पाण्याशी संयोग पावून दुसरेच काही होते. म्हणून द्रावणाचे पृथक्करण करून संहती प्रत्यक्ष मोजावी लागते, आणि ती घातलेल्या मात्रेच्या वीस टक्क्यांच्या आत टिकली असेल तरच मूळ आकडा ग्राह्य धरता येतो. जुन्या अहवालांतील कित्येक आकडे या एका प्रश्नापुढे डळमळतात.

निम्मे जीव हे प्रमाण का, याचे उत्तर संख्याशास्त्राने दिले आहे. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली दाखवून दिले की जेमतेम एखाद्या जीवाला बाधणारी किंवा एकूणएक जीवांना मारणारी मात्रा दर खेपेस निराळी निघते, पण निम्म्यांना बाधणारी मात्रा बऱ्यापैकी स्थिर राहते. चेस्टर ब्लिस यांच्या १९३४ सालच्या प्रोबिट पद्धतीने तिचा हिशेब सुकर केला. हा आकडा पुढे वर्गवारीच्या कामी येतो. संयुक्त राष्ट्रांच्या रसायन-वर्गीकरण पद्धतीत तो दर लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली असल्यास रसायन जलचरांच्या तीव्र विषारीपणाच्या पहिल्या वर्गात जाते, १० पर्यंत दुसऱ्या आणि १०० पर्यंत तिसऱ्या. पहिल्या वर्गातील मालाच्या पिंपावर मेलेला मासा आणि वठलेले झाड यांचे चित्र लावतात. आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचा, कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण याच्याशी कोणी गल्लत करू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांन्वये छापला जाणारा तो त्रिकोण सस्तन प्राण्यांवरील विषबाधेचा दर्जा सांगतो, ओढ्यातील जीवांविषयी त्याची साक्ष काढता येत नाही.

आणि डॅफ्नियाची साक्ष तरी सर्वांच्या वतीने काढता येते काय? इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. ४८ तासांत निम्म्या डॅफ्नियांना निश्चल करण्यासाठी त्याची दर लिटरला ८० मिलिग्रॅमहून अधिक मात्रा लागली. हा आकडा एकटा वाचणाऱ्याला द्रव्य निरुपद्रवीच वाटेल. परंतु त्याच पाण्यात वाढणाऱ्या मेफ्लायसारख्या कीटकांची पिल्ले काही मायक्रोग्रॅममध्येच गारद होतात, म्हणजे त्यांना डॅफ्नियापेक्षा हजारो पटींनी अल्प मात्रा पुरते. कीटकांच्या मज्जातंतूंवर मारा करण्यासाठीच घडविलेल्या द्रव्याने कवचधाऱ्याला सोडून कीटकाला गाठावे यात नवल नाही. नवल असलेच तर ते एका जीवाच्या जबानीवर साऱ्या तळ्याचा दाखला देण्याच्या सवयीचे. युरोपीय संघाने २०१८ साली या द्रव्याच्या उघड्या शेतातील वापरास बंदी केली ती मुख्यतः मधमाश्यांच्या पायी. मात्र तत्पूर्वीच, २०११ साली, ओईसीडीने कायरोनोमस या डाससदृश माशीच्या कोवळ्या अळीवर करावयाची अशीच ४८ तासांची चाचणी २३५ क्रमांकाने मंजूर केली होती, आणि अशा कीटकनाशकांच्या बाबतीत डॅफ्नियाच्या जोडीला ती मागविणे हेच शहाणपणाचे.

आपल्याकडे हा सारा व्यवहार परका नाही. २०११ पासून भारत ओईसीडीच्या, चाचणी-अहवालांच्या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी असल्यामुळे येथील प्रमाणित प्रयोगशाळेचा अहवाल तेथील सभासद देशांना मान्य करावा लागतो, आणि त्यामुळे आपल्या प्रयोगशाळांतही डॅफ्निया मॅग्नाची पैदास वातानुकूलित खोलीत वीस अंशांवर चालते. महाराष्ट्रातील तळ्यांत मोइना आणि सेरिओडॅफ्निया हे त्याचे छोटे भाऊबंद अधिक सापडतात, आणि त्यांचे पाणी वैशाखात तीस अंशांच्या आसपास असते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि जीवाचा श्वासोच्छ्वास वाढतो, तेव्हा थंड खोलीतील आकडा आपल्या तळ्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे. कारखान्याच्या सांडपाण्याला तर तो लावताच येत नाही, कारण तेथे एक रसायन नसून अनेकांचे मिश्रण असते. म्हणून पर्यावरण संरक्षणाच्या नियमांनी तेथे वेगळी कसोटी घातली आहे: पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मासा डॅफ्नियाहून दांडगा, तेव्हा जे पाणी माशाने सोसले ते त्याच्या अन्नाने सोसले असेलच असे गृहीत धरता येत नाही. नमुन्याच्या बाटलीतले थोडे पाणी पाच पिल्लांच्या चार पात्रांसाठीही राखून ठेवायला खर्च मात्र फारसा येत नाही.