बग्गी बांधायचीय? आधी मागच्या सीटचा विचार करा

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. २०२१च्या डिसेंबरमध्ये याच गावातली एक छोटीशी जीप देशभरातल्या मोबाइलवर फिरत होती. तिथल्या एका कारागिराने भंगारातले सुटे भाग जमवून ती लेकासाठी बनवली होती, तीही चक्क किक मारून सुरू होणारी! आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या कुणीतरी अडवणारच. तेव्हा ती मला द्या आणि बदल्यात बोलेरो न्या. जानेवारी २०२२ मध्ये तसंच झालं.

तो व्हिडिओ बघून ‘आपणही बनवू की!’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मेकॅनिकलला असा किंवा कॉमर्सला, गावाकडे थोडी जमीन असली आणि हाताला ग्रीस लागायची लाज नसली, तर बग्गी बनवणं अशक्य नाही. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवशी ठरवा. या गाडीत तुम्ही एकटे बसणार, की आई-बाबा आणि धाकटी बहीणही? उत्तर ‘सगळे’ असेल, तर पाइपच्या जाडीपासून ब्रेकपर्यंत सगळा हिशोब बदलतो.

ही आयडिया आली कुठून?

कॅलिफोर्नियातले ब्रूस मायर्स बोटी बनवायचे, त्यामुळे फायबरग्लास त्यांच्या हातातलं. १९६४ मध्ये त्यांनी फायबरग्लासची हलकी बॉडी बनवून तिला फोक्सवॅगन बीटलचे भाग जोडले. हीच ‘मायर्स मँक्स’. पुढे त्यांनी तिचे किट विकले. जुन्या बीटलचा तळ कापून आखूड करायचा आणि त्यावर ही बॉडी बसवायची. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियात झालेली पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यत मँक्सनेच जिंकली. बीटलचं इंजिन मागे असतं, म्हणजे वजन चालत्या चाकांवर पडतं आणि वाळूत पकड मिळते. त्यात गाडी हलकी. सगळी गंमत या दोन गोष्टींत आहे.

सांगाडा : नळाचा पाइप नको!

बग्गीला बॉडी नसली तरी चालेल, सांगाडा मात्र पक्का हवा. गाडी उलटली तर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये तेवढाच असतो. हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याचा जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून मोह होईल. तो टाळा. तो पाणी वाहायला बनवलाय, धक्का खायला नाही. शिवाय त्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो नाकातोंडात गेला की ताप भरतो.

इंजिनीअरिंग कॉलेजांच्या ‘बाजा’ स्पर्धेत मुख्य सांगाड्यासाठी साधारण २५ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेला स्टीलचा पाइप किंवा त्याच ताकदीचा पर्याय लागतो. लक्षात घ्या, ती गाडी एका माणसाची असते. चौघांच्या गाडीसाठी हे माप म्हणजे सुरुवात. पुढचा हिशोब कॉलेजच्या सरांना किंवा जाणत्या फॅब्रिकेटरला सोबत बसवूनच करा.

दुसरं, चौकोनावर विश्वास ठेवू नका. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यातून दाबली की तिरकी होते, त्रिकोण होत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या चौकटीत एक तिरका पाइप टाका. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं आणि वरचा पाइप यांत किमान वीतभर मोकळी जागा हवी. हे माप घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून घ्या.

चौघे बसले की काय होतं?

एक सोपा हिशोब करू. समजा, रिकामी बग्गी ३५० किलोची. सरासरी ६५ किलोचे चौघे म्हणजे २६०. पाणी, डबे, अवजारं धरून आणखी ४०. झाले ६५० किलो! गाडी जवळजवळ दुप्पट जड झाली. रिकाम्या गाडीवर मऊ वाटणारे शॉकअब आता पहिल्याच खड्ड्यात तळाला टेकणार. त्याच वेगातून थांबायला ब्रेकलाही जवळपास दुप्पट काम करावं लागणार.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उलटणं. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूच्या उंचीने भागा. रुंदी १३० सेंमी आणि उंची ५५ सेंमी असेल तर ६५ भागिले ५५, म्हणजे साधारण १.१८. कागदावर ही गाडी जवळपास ५० अंश कलली की उलटेल. आता माणसं उंच सीटवर बसली, टपावर सामान बांधलं आणि तोच बिंदू ७० सेंमीवर गेला, तर आकडा ०.९३ होतो आणि मर्यादा ४३ अंशांवर येते. प्रत्यक्षात खालच्या बाजूचे शॉकअब दबतात, गाडी हिंदकळते, त्यामुळे ती याच्याही खूप आधी उलटू शकते. म्हणून सीट जितक्या खाली घेता येतील तितक्या घ्या आणि टपावर काही बांधू नका.

इंजिन : ८०० की बाइक?

बाइकचं इंजिन हलकं आणि मिळायला सोपं. पण त्याला रिव्हर्स नसतो. हवेवर थंड होणारं असेल तर सीटमागे वारा लागत नाही, मग पंखा जोडावा लागतो. एकट्याच्या बग्गीला ते ठीक आहे, चौघांना चढावर ओढताना त्याची दमछाक होईल.

मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन इथे कामी येतं. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं हा सगळा संच उचलून बग्गीच्या मागे बसवता येतो. पण ती चाकं वळणारी आहेत, हे विसरू नका! त्यांचे टायरॉड सांगाड्याला पक्के बांधावे लागतात आणि तेही योग्य जागी. जागा चुकली तर खड्ड्यात मागची चाकं आपोआप थोडी वळतात आणि गाडी भरकटते.

भंगार बाजारातून इंजिन घेताना पावती आणि गाडीची कागदपत्रं मागा. नंबर खोडलेलं इंजिन फुकट मिळालं तरी हात लावू नका.

यावर कंजुषी नको

सायलेन्सरचा आवाज आणि एलईडी बार यांचे पैसे आधी इथे घाला. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाइन वेगळी ठेवा, म्हणजे एक फुटली तरी दुसरी चालते. प्रत्येकाला खांद्यावरून येणारा हार्नेस हवा. उलटताना हात आपोआप बाहेर जातात, म्हणून हात आत ठेवणारे पट्टेही लावा. इंजिन आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत बसवा. इंजिन बंद करायचं बटण दोन ठिकाणी ठेवा, एक चालवणाऱ्याच्या हाताशी आणि एक बाहेरून दाबता येईल असं. आग विझवायचा सिलिंडरही लागेलच.

आता कडू गोळी

ही बग्गी तुम्ही रस्त्यावर नेऊ शकत नाही. सोसायटीच्या गेटपासून चहाच्या टपरीपर्यंतही नाही. सार्वजनिक जागी चालणाऱ्या गाडीची नोंदणी लागते. नव्या प्रकारची गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. ‘मग जुन्या गाडीच्या आरसी बुकवरच चालवू’ हेही जमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा स्पष्ट केलंय. नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही. उद्या कुणाला लागलं तर भरपाई घरातून!

जंगल, कासचं पठार, वेळास-आंजर्ल्याचे किनारे हेही डोक्यातून काढा. किनाऱ्यावरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात आणि पठारावरची माती इंच-दोन इंचांची. तिथे उठलेला टायरचा ओरखडा लवकर भरत नाही.

मग चालवायची कुठे? स्वतःच्या शेतात, मळ्यात किंवा मालकाची परवानगी असलेल्या खासगी जमिनीवर. तिथपर्यंत ती टेम्पोत घालून न्या. घरच्यांना घेऊन सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा फिरायच्या असतील, तर त्यासाठी नोंदणी झालेली जुनी जिप्सी किंवा थार शोधा.

आणि गाडी बांधण्याचीच खाज असेल तर कॉलेजची बाजा टीम गाठा. ही स्पर्धा भारतात २००७ पासून होते, सुरुवात इंदूरजवळच्या पिथमपूरला झाली. तिथे तपासनीस वेल्डिंगपासून बटणापर्यंत सगळं बघतात आणि पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरू देत नाहीत. हे शिक्षण यूट्यूबवर मिळत नाही.

या रविवारी काय कराल? वेल्डिंग मशीन नंतर. आधी पीव्हीसीचे पाइप आणि सुतळी घेऊन गच्चीवर खऱ्या मापाचा सांगाडा उभा करा. आत चार खुर्च्या ठेवा. आईला मागे बसवा, बाबांना पुढे. कुणाचा गुडघा अडतो, कुणाचं डोकं पाइपला लागतं, पाच सेकंदांत कोण बाहेर पडू शकत नाही, ते वहीत लिहून घ्या. ही वही घेऊनच फॅब्रिकेटरकडे जा.