स्थूलतानिवारक शस्त्रक्रियेची पूर्वतयारी
जठराचे आकारमान घटवून किंवा अन्नमार्गाची जोडणी बदलून अतिस्थूल व्यक्तीचे वजन कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांना स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया म्हणतात. अमेरिकन शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये प्रथम केलेल्या जठर वळणमार्ग (बायपास) शस्त्रक्रियेपासून आधुनिक पद्धती विकसित झाल्या. जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करणे (स्लीव्ह) व वळणमार्ग हे प्रकार सध्या अधिक रूढ आहेत. त्यांनंतर आहाराचे नियम जन्मभर पाळावे लागत असल्याने पूर्वतयारी हा उपचाराचाच एक भाग ठरतो.

पात्रता : वजनाला (किग्रॅ.) उंचीच्या (मी.) वर्गाने भागले असता देहभारांक मिळतो. उदा., उंची १६० सेंमी. व वजन ९० किग्रॅ. असल्यास तो सु. ३५ येतो. १९९१ च्या अमेरिकन निकषांनुसार ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ही मर्यादा होती. २०२२ मध्ये ती सहव्याधी नसतानाही ३५ अशी ठरली. आशियाई लोकांत कमी देहभारांकालाही मधुमेह जडत असल्याने त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार करावा, असे सुचविण्यात आले.

तपासण्या : रक्तशर्करा, यकृत, वृक्क (मूत्रपिंड), अवटू ग्रंथी व हृदय यांची तपासणी करतात. लोह, ड जीवनसत्त्व व ब१२ जीवनसत्त्व यांची न्यूनता आधीच भरून काढतात; शाकाहारी व्यक्तींत ब१२ ची उणीव विशेष आढळते. झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णाला संवेदनाहरणाचा धोका अधिक असतो. अशा रुग्णाला काही आठवडे श्वसनसाहाय्यक यंत्र लावून झोपण्याची सवय करवितात. धूम्रपान किमान सहा आठवडे आधी बंद करावे लागते. अनावर खाणे, मद्यासक्ती व नैराश्य यांसाठी मानसोपचारज्ञाचा सल्ला घेतात.

आहार : अतिस्थूल व्यक्तीचे यकृत मेदाने फुगलेले असते व त्याचा डावा खंड जठरावर आलेला असल्याने शस्त्रक्रियेत अडथळा होतो. म्हणून दोन ते चार आठवडे सु. ८०० किलोकॅलरींचा, पिष्टमय पदार्थ कमी व प्रथिने पुरेशी असलेला आहार देतात. त्याने यकृत आकसते. या काळात मधुमेहावरील औषधांची मात्रा वैद्याने कमी केली नाही, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लहान घास घेणे, सावकाश चावणे व जेवताना पाणी न पिणे यांचा सरावही याच काळात करावा लागतो.

पूर्वतयारीचे महत्त्व मुंबईतील एका घटनेने स्पष्ट झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सु. ५०० किग्रॅ. वजनाची एक ईजिप्शियन महिला सैफी रुग्णालयात दाखल झाली. तिच्यावर लगेच शस्त्रक्रिया न करता द्रव आहार व भौतिकोपचार यांनी तिचे वजन शंभर किग्रॅ. हून अधिक उतरविण्यात आले आणि मार्चमध्ये स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पुढे उपचारांसाठी तिला अबू धाबीला हलविण्यात आले. तेथे सप्टेंबर २०१७ मध्ये ती मरण पावली. दीर्घकाळ जडलेल्या सर्व व्याधी केवळ वजन उतरल्याने नाहीशा होत नाहीत, हेही यावरून दिसते.

शस्त्रक्रियेनंतरची व्यवस्था : जीवनसत्त्वे व खनिजे आजन्म घ्यावी लागतात, स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. गोरेगावसारख्या (जि. हिंगोली) ग्रामीण भागातून शहरात जाणाऱ्या रुग्णाने पुढील रक्ततपासण्या कोठे करावयाच्या, औषधांचा खर्च कसा भागवावयाचा आणि अचानक ताप, छातीत धडधड किंवा पोटदुखी झाल्यास कोणत्या रुग्णालयात जावयाचे, हे आधीच निश्चित करावे. स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबीयांनाही आहारतज्ञाच्या भेटीस नेणे हितावह असते. अशी व्यवस्था होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे अधिक सुरक्षित ठरते.