चाळीस जणांनी मिळून एक विनोद सांगायचा असेल तर?

मी इंग्लंडमध्ये पीएचडी करते. विषय एका ओळीत सांगायचा तर, बंद जागेत बोललेले शब्द समोरच्याला कळतात की नाही आणि का. शिवाय आठवड्यातून एक संध्याकाळ इथल्या एका हौशी गायकवृंदात गाते. यंदा आमचा कार्यक्रम विनोदी ऑपेरा आणि गमतीच्या गाण्यांचा आहे, म्हणजे अर्थातच गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) ही जोडी.

रंगीत तालीम चर्चमध्ये झाली. सूर छान लागले, पण फारसं कोणी हसलं नाही. कानाला यंत्र लावलेल्या एक आजी नंतर म्हणाल्या, गाणं गोड होतं, पण त्यात गंमत काय होती? मला वाईट वाटलं, कारण हा तर थेट माझाच विषय!

तर बघा, अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली, उंच स्वर. 'ई', 'आ', 'ऊ' यांतला फरक तोंडाच्या पोकळीच्या आकारामुळे पडतो. तो आकार कानाला कळतो आवाजातल्या उपस्वरांवरून. रांगोळीचे ठिपके आठवा. ठिपके जवळजवळ असले की आकृती दिसते, लांब लांब असले की नाही. पुरुष २०० हर्ट्झला गातो तेव्हा उपस्वर २००, ४००, ६०० असे दाट पडतात. सोप्रानो ८८० हर्ट्झला गेली की पुढचा ठिपका थेट १७६० वर! मग 'ई' काय नि 'आ' काय, सगळं सारखंच ऐकू येतं.

दुसरी, व्यंजनं. शब्द ओळखायला ती फार लागतात, पण असतात अगदी क्षणभर. 'कच्चा पापड, पक्का पापड' एकट्याने म्हणणं कठीण. चाळीस जणांनी एकाच क्षणी म्हणायचं म्हणजे विचारूच नका. शेवटचा 'ट' थोडा मागेपुढे झाला की 'टटटट' अशी गारपीट होते. 'स'चं तर सापासारखं फुसफुसणं होतं. म्हणून काही वृंदांत 'स' मोजकेच लोक म्हणतात, बाकीचे गिळतात.

तिसरी, जागा. चर्चच्या दगडी भिंतींवरून आवाज परत येत राहतो आणि आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. त्यात वयानुसार कान आधी उंच कंपनं गमावतो, आणि 'स', 'फ' तिथेच असतात. म्हणजे विनोद आधी कोणाच्या हातून निसटतो? आजींच्याच.

गंमत म्हणजे सलिव्हनला हे पक्कं ठाऊक असावं. 'पायरेट्स ऑफ पेन्झन्स' (१८७९) मधलं मेजर-जनरलचं भरभर म्हणायचं गाणं बघा. एकटा पुरुष, मधल्या पट्टीत, एका सुराला एक अक्षर, मागे वाद्यं अगदी हलकी. शिवाय यमकामुळे पुढचा शब्द कानाला आधीच अर्धा कळलेला असतो. आणि त्या काळी प्रेक्षक गाण्यांच्या छापील पुस्तिका विकत घेऊन वाचत वाचत ऐकत!

आम्हीही तेच केलंय. भरभर म्हणायची कडवी एकट्याकडे दिली, लय थोडी उतरवली, आणि शब्द मोठ्या अक्षरांत छापले. कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे. आजींना पुढची खुर्ची राखून ठेवली आहे.

तोवर घरी एक प्रयोग करा. पाठमोऱ्या माणसामागे उभं राहून 'मी', 'मा', 'मू' आधी नेहमीच्या पट्टीत गा, मग जमेल तितकं उंच. त्याला किती ओळखता आले, ते मला नक्की कळवा. शेजाऱ्यांची जबाबदारी मात्र तुमची!