सीनियर नसलेला रेसिडेंट

मेडिकल कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात बॅचवार फोटो ठरलेले असतात. सिनसिनाटी विद्यापीठाच्या इमर्जन्सी मेडिसिन रेसिडेन्सीची पंचाईत अशी, की त्यांच्या पहिल्या बॅचच्या फोटोत एकटे डॉ. ब्रूस जॅनियाक उभे राहणार. जुलै 1970 मध्ये ते रुजू झाले, तेव्हा अमेरिकेत या विषयाची दुसरी रेसिडेन्सीच नव्हती. सीनियर नाही, बरोबरीचा कुणी नाही, शिकवायला या विषयाचा प्राध्यापकही नाही. सर्जरी, मेडिसिन अशा वेगवेगळ्या विभागांत फिरायचं आणि जे हाती लागेल ते गोळा करायचं. आपल्याकडे निवासी डॉक्टरांचं निम्मं शिक्षण सीनियरच्या शिव्या खाऊन होतं. त्या गृहस्थांना तीही सोय नव्हती!

त्याआधी अमेरिकन इस्पितळांत आणीबाणीच्या खोलीचा कारभार कसा चाले? पाळीपाळीने. आज त्वचारोगवाला, उद्या मानसोपचारवाला, रात्री एखादा इंटर्न. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाच्या नशिबी कोण येईल, हे ड्युटीच्या तक्त्यावर अवलंबून. 1961 मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे डॉ. जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापली प्रॅक्टिस सोडली आणि पूर्णवेळ हेच काम पत्करलं. बारा तासांची पाळी, पाच दिवस काम, पाच दिवस सुट्टी. रस्त्यावरची परिस्थिती तर आणखी वाईट होती. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 1966 च्या अहवालानुसार आदल्या वर्षी अपघातांत 1 लाख 7 हजार माणसं दगावली होती. त्याच अहवालात नोंद आहे, की देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवत, कारण स्ट्रेचर आडवं मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. जखमी वाटेत गेलाच, तर गाडी बदलायला नको.

हे सगळं डोळ्यांसमोर असूनही वैद्यकातल्या थोरामोठ्यांना ही स्वतंत्र शाखा वाटेना. मेडिसिनवाले म्हणणार हे आमचंच काम, सर्जरीवाल्यांचंही तेच. सप्टेंबर 1977 मध्ये मान्यतेचा प्रस्ताव वैद्यकीय शाखांना मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे मतदानाला आला आणि 100 विरुद्ध 5 असा आपटला. दोनच वर्षांत, 1979 मध्ये, तो तडजोडीने मंजूर झाला. पण इतर शाखांच्या प्रतिनिधींना या शाखेच्या परीक्षा मंडळात बसवूनच. ही जोडगाडी सुटायला 1989 उजाडलं. मधल्या काळात रेसिडेन्सी न करताही, पाच वर्षं आणि 7 हजार तासांचा अनुभव दाखवून परीक्षेला बसता येई. ती खिडकी 1988 मध्ये बंद झाली, तेव्हा कोर्टकचेऱ्या झाल्या. माझ्या मते खिडकी बंद करणं योग्यच होतं. ती उघडी राहती, तर रेसिडेन्सीला विचारलं कुणी असतं?

अशा रेसिडेन्सींच्या स्नेहसंमेलनांत एक अडचण हटकून येते: सगळे जेवायला गेले, तर ड्युटी कोण करणार? हा विभाग काही कुलूप लावून जाता येत नाही. अनेक ठिकाणी त्या रात्री प्राध्यापक किंवा माजी विद्यार्थी पाळी घेतात आणि रेसिडेंटांना मोकळं सोडतात. केस पिकलेला माणूस ट्रायेजच्या टेबलापाशी उभा आणि पोरं मेजवानीला, हा मान मला भाषणांपेक्षा मोठा वाटतो. सिनसिनाटीच्या रेसिडेन्सीला पन्नास वर्षं पूर्ण झाली ती जुलै 2020 मध्ये, म्हणजे याच शाखेचे डॉक्टर पीपीई चढवून कोविडच्या पहिल्या फळीत उभे होते तेव्हा.

भारतात या विषयाला वैद्यक परिषदेची मान्यता मिळाली 2009 मध्ये, अमेरिकेनंतर तीस वर्षांनी. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते आहे. पण ती ज्या दारात थांबते, तिथे 'कॅज्युअल्टी'त अजूनही बऱ्याचदा वैद्यकीय अधिकारी (सीएमओ) आणि इंटर्नच भेटतात. एमडी इमर्जन्सी मेडिसिनच्या आपल्या पहिल्या विद्यार्थ्यांनाही भूलशास्त्र, मेडिसिन, सर्जरीतून आलेल्या शिक्षकांनीच शिकवलं. सिनसिनाटीत घडलं तेच, चाळीस वर्षं उशिरा. आता त्यांच्यातलेच काही जण शिकवू लागले आहेत, आणि त्यांच्या रेसिडेंटांना ओरडायला निदान याच विषयातला सीनियर आहे.