मुदत आणि हक्क

पुण्याच्या नारायण पेठेतील एका आईची लेक जर्मनीत राहते आणि तिच्या बाळंतपणासाठी आईला तिकडे जावयाचे आहे, अशी कल्पना करा. आईजवळ पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, आहे. तो आपल्या देशाचे सरकार देते. परंतु परदेशात प्रवेश करण्याची अनुज्ञा, म्हणजे व्हिसा, तो देशच देतो. तो किती दिवसांत मिळेल? बाळ काही कचेरीच्या सवडीने जन्मास येत नाही!

जर्मनी, फ्रान्स आदी शेंगेन गटातील देशांनी याचे उत्तर आपल्या नियमांत लिहून ठेवले आहे. अल्पकाळाच्या व्हिसाचा निर्णय सामान्यतः 15 दिवसांत व्हावा. अधिक तपासणी आवश्यक वाटल्यास ही मुदत 45 दिवसांपर्यंत वाढते. हे दिवस रीतसर अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळेपर्यंत गेलेले दिवस त्यांत धरीत नाहीत. म्हणून 15 हा आकडा वाचून सोळाव्या दिवसाचे तिकीट काढणे शहाणपणाचे नव्हे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, या सवलतीचा लाभ घ्यावा.

व्हिसासाठी नाते सिद्ध करण्याची वेळ आली, तर लेकीचा जन्मदाखला लागतो. तो मात्र आपल्याच कचेरीतून आणावा लागतो. तेथे 'उद्या या' असे उत्तर रोज मिळू लागले, तर नागरिकाने काय करावे?

या प्रश्नावरील पहिला उपाय म्हणजे नागरिकांची सनद. कोणते काम किती दिवसांत होईल, हे कचेरीने स्वतःच जाहीर करावे, ही पद्धत ब्रिटनने 1991 साली स्वीकारली. भारतात तिचा आरंभ 1997 साली झाला. परंतु सनद हे केवळ वचन होते. वचन मोडल्यास दाद कोठे मागावी, हे कायद्याने सांगावे लागले. मध्य प्रदेशाने 2010 साली व महाराष्ट्राने 2015 साली असा कायदा केला. महाराष्ट्रातील कायद्याचे नाव 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम'.

या कायद्याखाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेची मुदत व ती देणारा अधिकारी जाहीर करावा लागतो. अर्जाची पोच द्यावी लागते. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला, तर नागरिकास 30 दिवसांत वरिष्ठांकडे अपील करता येते. पुरेशा कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र मुदतीचे बंधन दोन्ही पक्षांवर असते. अर्ज सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण असेल, तरच कायद्याची मुदत सुरू होते. घरात मूल जन्मल्यास त्याची खबर 21 दिवसांत देणे, हे नागरिकाचेही कर्तव्यच आहे.

पोचपावती म्हणजे कागदाचा लहानसा कपटा. पण तिच्यावर तारीख असते. ती तारीख जपून ठेवणाऱ्या नागरिकाला कचेरीत कोणाची मनधरणी करावी लागत नाही; तो आपला हक्क मागतो.