ठेकेदाराचा मजूर पडला तर भरपाई कोण देणार? विम्याच्या अटी ग्रामपंचायतीने एकदाच ठरवाव्यात

वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) : गावात गटार, पेव्हर ब्लॉक, पाण्याची टाकी, पथदिवे अशी कामं सुरूच असतात. कामाचा दर ठरतो, मुदत ठरते. विम्याचं मात्र कुणी विचारत नाही. टाकीवरून मजूर पडला की मग प्रश्न येतो, भरपाई कुणी द्यायची?

कायदा काय सांगतो?

‘मजूर ठेकेदाराचा, ग्रामपंचायतीचा काय संबंध?’ असं अनेकांना वाटतं. पण 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 नुसार, ज्याने काम ठेक्याने दिलं त्याच्याकडेही भरपाई मागता येत होती. स्थानिक संस्थेची कामं हा तिचा व्यवसायच मानावा, असंही या कायद्यात होतं. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्येही ठेक्याच्या कामासाठी हेच तत्त्व ठेवलं आहे. दिलेली रक्कम ठेकेदाराकडून वसूल करता येते. पण त्याच्याकडे पैसेच नसले तर?

रक्कम किती?

1923 च्या कायद्याच्या हिशोबाने, 15,000 रुपये मजुरी असलेला 30 वर्षांचा मजूर दगावला तर निम्मी मजुरी 7,500 गुणिले वयाचा गुणक 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. तीन लाखांच्या गटारीच्या कामात ही रक्कम आणायची कुठून?

अटी कशा ठरवाव्यात?

दरवेळी नव्याने लिहिण्यापेक्षा मासिक सभेत एकदाच नमुना मंजूर करावा आणि प्रत्येक निविदेला, कार्यारंभ आदेशाला तोच जोडावा.

- मजूर लावून होणारं कोणतंही काम : मजूर भरपाईची पॉलिसी.
- टाकी, इमारत, पूल : त्यासोबत ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी. त्यात शेजारच्या घराचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं नुकसान धरलंय का, ते बघावं.
- टँकर, जेसीबी, ट्रॅक्टर : चालू थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा 1988 नुसार तो सक्तीचाच आहे.
- जत्रेतले पाळणे, मंडप, जनरेटर : लोकांना इजा झाल्यास भरपाई देणारी पॉलिसी.

राज्य शासनाच्या अनेक निविदांत विमा शासकीय विमा निधीकडूनच घ्यावा, अशी अट असते. तो न घेतल्यास हप्त्याची रक्कम बिलातून कापली जाते. त्यामुळे निधी कुठला, हे आधी पाहावं.

झेरॉक्सवर भागत नाही

फाईलला झेरॉक्स लावली म्हणजे झालं, असं नाही. पॉलिसीवरचं नाव, कामाचं ठिकाण, मजुरांची संख्या आणि शेवटची तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तपासावी. कामाला मुदतवाढ दिली, तर विम्यालाही वाढ हवी. पॉलिसी दाखवल्याशिवाय काम सुरू नाही आणि ती संपली तर बिल नाही, एवढी अट पाळली तरी पुष्कळ.

20 रुपयांत 2 लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मजुराने बँकेतून जरूर घ्यावा. मात्र तो असला म्हणून ठेकेदाराची जबाबदारी सुटत नाही.